दमाची गोळी

"फोड्या, तुला शोधत फटफटीवर कोणी आलंय!" अशी हाक वरच्या काठावरून आली तेव्हा फोड्या खाणीच्या तळाशी पहारेवर ओणवा होता. दगड नुकताच हलायला लागला होता. अशा वेळी पहार सोडली की दगड पुन्हा बूड टेकून बसतो आणि तासाभराची मेहनत पाण्यात जाते. त्यानं वर बघितलंच नाही. "येतो म्हणावं," म्हणाला आणि पहारेवर सगळं अंग टाकलं. उजवा खांदा करकरला. दगड सुटला. मग घाम निपटत तो चढ चढू लागला.

गावात सगळे त्याला फोड्याच म्हणत. तीस वर्षं दगड फोडता फोडता आईबापानं ठेवलेलं नाव कुठं पडलं ते त्यालाही सांगता आलं नसतं. पाऊस लागला की खाणीत पाणी भरे आणि काम चार महिने बंद होई. म्हणून पावसाआधीच्या या दिवसांत मुकादम प्रत्येकाच्या मानगुटीवर बसलेला असे. कामावरून मधेच वर चढणाऱ्या फोड्याकडे तो आत्तासुद्धा डोळे बारीक करून बघत होता.

आलेला माणूस साध्या कपड्यात होता, पण उभा कसा राहिला होता ते बघूनच वर्दीतला आहे हे कळत होतं.

"मी हवालदार. तुमचा मुलगा आमच्याकडे भरती झालाय ना, त्याच्या प्रशिक्षण केंद्रावरून आलोय."

फोड्या दोन पावलं पुढं आला. "बरा आहे ना तो?"

"बरा आहे. चौकशी आहे थोडी. घरी बसून बोलू. घरातल्या सगळ्यांना बोलवा."

घरात सगळे मिळून तिघं. फोड्या, त्याची बायको, आणि नवऱ्याला सोडून आलेली थोरली लेक, जी खाणीपलीकडच्या क्रशरवर खडी चाळायला जाई. ती तशीच, डोक्यापासून पायापर्यंत पांढरी, बापाच्या मागून चालत आली. बायकोनं घाईघाईनं खाटेवरची गोधडी झटकली. हवालदार खाटेच्या कडेवर बसला आणि मांडीवर कागद ठेवून एकेक विचारू लागला.

"भांडणतंटा, मारामारी?"

"नाही."

"फेफरं, घेरी, रात्री झोपेत चालणं?"

"नाही साहेब."

"व्यसन? दारू, गांजा, गोळ्या?"

फोड्यानं तोंड उघडायच्या आतच बायको म्हणाली, "माझं पोरगं सुपारीचं खांड तोंडात धरत नाही, साहेब. कुणालाही विचारा."

हवालदारानं फोड्याकडे पाहिलं. फोड्या स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होता. अंगठ्याचं नख दगडाखाली सापडून काळं पडलेलं होतं.

"तुम्ही सांगा, काका."

"नाही," फोड्या म्हणाला.

"तू गं बाई?"

थोरलीनं नाही म्हणून मान हलवली.

हवालदारानं लिहून घेतलं, खाली फोड्याची सही घेतली, पेनाला टोपण लावलं. पाणी प्यायला. मग भांडं खाली ठेवत अगदी सहज म्हणाला, "मग त्यानं असं का लिहून दिलं?"

"काय लिहिलं?"

"चौदा महिने गोळ्या घेत होतो म्हणून. खाणीवर काम करताना. सोडून वर्ष झालं म्हणतो. पहिल्या फॉर्मवर 'नाही' लिहिलं होतं, आणि आता सहाव्या आठवड्यात स्वतःहून जाऊन 'हो' केलं."

 बाहेर शेळी खुंट्याशी दोरी ओढत होती.

"हे बघा," हवालदार म्हणाला, "माझा तुमच्यावर राग नाही. पण आमच्याकडे सहाव्या-सातव्या आठवड्यात पोरांना घर आठवतं. पाय सोलवटून निघतात, झोप पुरत नाही. मग निमित्तं शोधतात. कुणाची आजी मरते, ती दोन-दोनदा मरते. कुणाच्या पोटात दुखतं. कुणी सांगतो, मी नशा करत होतो, मला काढा. खरोखर घेत असला आणि सांगितलं, तर विचार करतात, ठेवतातसुद्धा. पण सुटका व्हावी म्हणून खोटं लिहिणाऱ्याला ठेवत नाहीत. आता तुम्ही तिघं म्हणता, घेत नव्हता. मग तो खोटं बोलतोय, असंच ना?"

 एकदा बायकोनं नवऱ्याकडे पाहिलं, एकदा लेकीकडे.

"असेल," ती म्हणाली. "खोटंच असेल. लहानपणापासून थापा मारायची सवयच आहे त्याला."

आणि मग तिनं ते रिकामं भांडं उचललं आणि पुन्हा तिथंच ठेवलं.

हवालदार गेला. जाताना सांगून गेला की निकाल डॉक्टर देतील, सोमवारी. तो दिवस गुरुवार होता.

फटफटीचा आवाज विरेपर्यंत तिघंही उभी होती. मग थोरली म्हणाली, "आई, त्यानं आयुष्यात एकदा खरं सांगितलं आणि तू त्याला खोटारडा ठरवलंस."

"मग काय करायला हवं होतं मी? खरं सांगितलं तर हाकलतील वाटलं. आता म्हणतात, खोटं सांगितलं म्हणून हाकलतील. अगं, घरी एक शब्द कळवायचा ना त्यानं, मी असं असं लिहिलंय म्हणून! आपण तसंच सांगितलं असतं." ती खाली बसली. "त्याला यायचंच असेल का गं घरी? म्हणून लिहिलं असेल?"

"मला काय माहीत?"

"अहो, तुम्ही बोला की काही!"

फोड्या काय बोलणार? पोरगं परत आलं तर दोन हात मिळणार होते. आपला खांदा आणखी एक हंगाम काढील की नाही याची त्याला खात्री नव्हती. पण पोरगं परत आलं तर ते खाणीतच येणार, आणि खाणीत मुकादमाचा तो डबा होता.

त्या डब्यातल्या पांढऱ्या गोळीला खाणीवर 'दमाची' म्हणत. दम्याशी तिचा काही संबंध नव्हता. घेतली की दम टिकतो म्हणून दमाची. भूक जाई, झोप जाई, घण हलका लागे. धाकल्यानं ती चौदा महिने घेतली. अंगावरचं मांस उतरलं, बसल्या जागी तो दात खाई, एका वेळी बोलू लागला की थांबत नसे आणि एकदा गप्प झाला की चार दिवस गप्प. मग एकदा चढावर भोवळ येऊन पडला, डोकं फुटलं, आणि शुद्धीवर आल्यावर म्हणाला, आता नको. आईनं त्याला वीस दिवस घरात ठेवला. घामानं गोधड्या भिजत, तो आईला शिव्या देई, एक दिवस त्यानं दाराची कडी उपटली. विसाव्या दिवशी तो बाहेर येऊन उन्हात बसला. नंतर रोज पहाटे पळायला लागला, आणि पळत पळत भरती झाला. घरात गोळीचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही.

"पण त्याला लागलीच कशी ती?" बायको आता म्हणत होती. "कुणी दिली पहिली? त्याचे हात झडावेत."

फोड्या उठून शेळीला पाणी दाखवायला गेला.

शुक्रवारी खाणीत मुकादमानं त्याला बाजूला घेतलं. बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती. गावात हवालदार आला आणि बातमी फुटली नाही असं होत नाही.

"पोरानं कागदावर काय काय लिहिलंय रे?"

"मला वाचून दाखवलं नाही."

"माझं नाव?"

"नसेल."

"नसेल म्हणजे?" मुकादम हसला. पानानं रंगलेले दात दिसले. "फोड्या, तू जुना माणूस. मी कुणाच्या तोंडात गोळी कोंबत नाही. मागतो त्याला देतो. बरोबर ना? तूही घेतलीयस."

"बरोबर."

"मग झालं. उद्या वरच्या बाजूचा थर काढायचाय. लवकर ये."

फोड्या पुन्हा खाली उतरला. त्या दिवशी त्याचा घण दोनदा छिन्नीवरून सरकला. दुसऱ्यांदा नडगीला लागला. रक्त पुसून त्यानं वर माती दाबली आणि पुन्हा घण उचलला, पण मारला नाही. बाजूच्या माणसानं विचारलं, काय झालं? फोड्या म्हणाला, काही नाही, मोजणी चुकली. कसली मोजणी ते दोघांनाही कळलं नाही.

शनिवारी तो वरच्या थरावर गेलाच नाही. धुतलेला सदरा घालून पहाटेच्या गाडीत बसला.

"काय सांगणार आहात तिथं?" बायकोनं विचारलं होतं.

"बघतो."

"बघतो म्हणजे? ठेवा म्हणून सांगणार की सोडा म्हणून?"

"अगं, आधी त्याला विचारू तर दे, त्याला काय हवंय ते."

केंद्राच्या फाटकाशी एक बाक होता. त्यावर तो दोन तास बसला. फाटकावरचा शिपाई दर वेळी नवी विचारणा करत असल्यासारखं तेच विचारी: कोण, कुठले, काय काम? फोड्या दर वेळी उठून उभा राही आणि सांगे. तारेपलीकडे मैदानावर पोरांच्या रांगा फिरत होत्या. सगळ्यांची डोकी सारखीच भादरलेली. फोड्यानं आपला पोरगा शोधायचा प्रयत्न केला. तीनदा त्याला वाटलं, सापडला. तिन्ही वेळा तो दुसऱ्याच कुणाचा तरी होता.

धाकला आला तो मागच्या बाजूनं. मान जाड झालेली, चेहरा उन्हानं रापलेला, चालणं मात्र लंगडं. वाकून पाया पडला.

"आई बरी आहे?"

"बरी आहे. पायाला काय झालं?"

"फोड आलेत."

दोघं फाटकाआतल्या लिंबाच्या झाडाखाली बसले. फोड्यानं विचारलं, "का लिहिलंस ते?"

धाकल्यानं काडीनं मातीत रेघा ओढल्या. "पहिल्या दिवशी फॉर्म भरून घेतले तेव्हा मागचा पोरगा म्हणाला, सगळे 'नाही' लिहितात, तूही लिही. मी लिहिलं. मग सहाव्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना बसवून सांगितलं, कुणी काही लपवलं असेल तर अजून सांगा, नंतर सापडलं तर वाईट होईल. मी गेलो आणि सांगितलं."

"हवालदार म्हणतो, घरी यायचं म्हणून सांगितलंस."

"हो."

"हो?"

"म्हणजे, गोळ्या घेतल्या ते खरंही होतं ना बाबा. आणि त्या दिवशी पाय इतके सुजले होते की बूट निघत नव्हते. वाटलं, हे सांगितलं तर काढतील, सुटेन. आणि असंही वाटलं की सांगितलं तर ठेवतील, आणि मग रोज छातीत जे धडधडतं ते बंद होईल. दोन्ही एकदमच वाटत होतं. त्यातलं आधी कुठलं, ते मला आठवतच नाही."

"आणि आता?"

"आता सकाळी वाटतं जावं, दुपारी वाटतं राहावं. जेवल्यावर बरं वाटतं." तो थोडा हसला. मग हसू गेलं. "घरून तुम्ही सांगितलंत की मी कधी घेतलीच नाही. हवालदारानं तुमची सही दाखवली मला. मला क्षणभर वाटलं, खरंच घेतली नसेन काय?"

 फोड्यानं पोराच्या बुटाकडे हात नेला, नाडी सोडली, बूट हळूच काढला. टाचेची कातडी गेली होती आणि मोजा तिथं चिकटला होता. त्यानं तो सोडवायचा प्रयत्न केला नाही. म्हणाला, "चल, त्या बाईंना भेटू."

डॉक्टरीणबाईंची खोली लहान होती. भिंतीला वजनकाटा, टेबलावर कागदांची चळत. बाई पन्नाशीच्या असाव्यात. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी फोड्याला बसायला सांगितलं, पण तो उभाच राहिला.

"बाई, मी सही केली ती खोटी आहे."

"कुठली?"

"पोरानं गोळ्या घेतल्या नाहीत, ती. त्यानं घेतल्या. चौदा महिने. त्यानं लिहिलंय ते बरोबर आहे. त्याची आई म्हणाली तो थापाड्या आहे, तेही खोटं. आम्ही घाबरलो."

बाईंनी कागद ओढला. "तुम्हाला कसं माहीत चौदाच महिने?"

"मला पहिला दिवस माहीत आहे."

धाकल्यानं चटकन मान वर केली. "बाबा, राहू द्या."

"त्यानं इथं लिहिलंय," बाई म्हणाल्या, "पहिली गोळी कुणी दिली ते आठवत नाही."

"त्याला आठवतं," फोड्या म्हणाला. "मी दिली."

बाहेर कोणी तरी मोठ्यानं आकडे म्हणत होतं, एक दोन, एक दोन. फोड्या थांबला नाही. थांबला असता तर पुढचं बोलता आलं नसतं.

"ट्रक उभा होता. दोन माणसं आली नव्हती. आम्ही दोघंच भरत होतो. हा अठराचा. दुपारपर्यंत याचे हात थरथरायला लागले, म्हणाला बाबा, मला होत नाही. माझ्याकडे एक गोळी होती. मीही घ्यायचो अधूनमधून. मी ती दातानं तोडली. अर्धी मी खाल्ली, अर्धी याला दिली. म्हटलं, घे, काही होत नाही. ट्रक भरला. नंतरच्या याच्या यानंच घेतल्या, पण ती मी दिली."

बाईंनी चष्मा खाली ओढला आणि बराच वेळ लिहीत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही आता घेता?"

"खांद्याला फार झालं तर. या वर्षी तीनदा."

"बसा," त्या पुन्हा म्हणाल्या, आणि या वेळी तो बसला.

"ऐका दोघंही. आता तुमचं आणि त्याचं जुळलं. खोटं बोलण्याचा मुद्दा मी काढून टाकते. त्याला आम्ही काढणार नाही. पण पाय बरे होईपर्यंत दोन आठवडे मागून आलेल्या नव्या तुकडीत जावं लागेल, आणि दर महिन्याला लघवी तपासायची. ते नको असेल तर आज सही करायची आणि तुमच्याबरोबर घरी जायचं. त्यात बदनामी नाही."

"तुम्हाला काय वाटतं, बाई?" फोड्यानं विचारलं. "टिकेल का?"

त्या हसल्या, पण थट्टेनं नाही. "मागच्या वर्षी अशी बारा मुलं होती. सात आपणहून निघून गेली, पाच राहिली. सुरुवातीला मी मनाशी ठरवलं होतं, कोण टिकणार, कोण जाणार. बहुतेक सगळ्यांबाबत मी चुकले. एक रोज रडायचा, तो आहे. एक पळण्यात पहिला यायचा, तो अकराव्या आठवड्यात गेला. का, ते त्यालाही सांगता आलं नाही. तुमची गाडी चारला आहे ना? चारपर्यंत सांगा."

ते पुन्हा लिंबाखाली येऊन बसले. बाईंच्या माणसानं टाचेला पट्टी बांधून दिली होती. 

"आईला माहीत आहे?" धाकल्यानं विचारलं.

"नाही."

"मी कधी सांगितलं नसतं."

"माहीत आहे."

मैदानावर नवी तुकडी वळायला शिकत होती. उजवीकडे म्हटलं की निम्मे डावीकडे वळत आणि एकमेकांच्या नाकाला नाक लागे. धाकला ते बघत होता. मग एकदम वळून म्हणाला, "बाबा, तुम्हीच सांगा. राहू की येऊ? तुम्ही सांगाल ते करतो."

फोड्याच्या तोंडाशी दोन्ही शब्द होते. चल म्हणावं, तर खांदा कामातून सुटला असता. राहा म्हणावं, तर पोरगं सुटलं असतं, कदाचित. दोन्हीत आपल्याला हवं ते किती आणि त्याला हवं ते किती, ही गाठ त्याला सुटेना.

"एकदा मी सांगितलं ते तू ऐकलंस," तो म्हणाला. "आता माझं ऐकू नकोस."

धाकल्याच्या डोळ्यांत पाणी आलं की ऊन लागलं, ते कळलं नाही. साडेतीनला शिट्टी वाजली. मैदानावरच्या पोरांनी पळापळ सुरू केली. धाकला बूट चढवू लागला. पट्टीवरून बूट जाईना. त्यानं दात आवळून टाच आत दाबली आणि नाडी बांधली.

"कुठं?" फोड्यानं विचारलं.

"शिट्टी झाली."

"म्हणजे राहणार?"

"शिट्टी झाली म्हणून चाललोय, बाबा," पोरगा म्हणाला, आणि लंगडत, मग जरा कमी लंगडत, त्या नव्या तुकडीच्या शेवटच्या रांगेत जाऊन उभा राहिला. उजवीकडे म्हटल्यावर तो उजवीकडे वळला. फोड्या चारच्या गाडीपर्यंत तारेशी उभा होता. पोरानं पुन्हा वळून पाहिलं नाही. मैदानात तसं पाहायला बंदी होती की त्यानं मुद्दाम पाहिलं नाही, याचा विचार फोड्या गाडीत बसल्यावरही करत राहिला.

गाडी वाटेत बिघडली. तो घरी पोचला रविवारी सकाळी. घर बंद होतं. शेजारणीनं सांगितलं, तुमच्या जागेवर बायको गेलीय खाणीत, मुकादम ऐकेना.

ती तळाशी होती. लुगड्याचा काचा मारून फुटलेला दगड घमेल्यात भरत होती. नवऱ्याला उतरताना बघून ती सरळ झाली, त्याच्या मागं कोणी आहे का ते तिनं पाहिलं. कोणी नव्हतं.

"राहिला?"

"काल राहिला."

"आणि आज?"

"आजचं कसं सांगू? बाई म्हणाल्या, त्यांनाही सांगता येत नाही."

"म्हणजे काढलं नाही?"

"नाही. मी खरं सांगितलं." तो जरा थांबला. वर काठावर मुकादम उभा होता, ऐकू येणार नाही इतका लांब. "पहिली गोळी मी दिली होती त्याला. अर्धी. ट्रक भरायचा होता."

ती त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या कपाळावरचा घाम धुळीतून ओघळ करत भुवईपर्यंत आला, तरी तिनं तो पुसला नाही. मग ती खाली बसली, डोक्यावर चुंबळ ठेवली आणि भरलेलं घमेलं एकटीनंच मांडीवर घेतलं. भरलेलं घमेलं डोक्यावर घ्यायला दुसऱ्याचा हात लागतो. रोज कोणी ना कोणी तो देतं. त्यानं हात पुढं केला.

"नको," ती म्हणाली.

तिनं ते छातीपर्यंत नेलं, मग श्वास धरून वर. घमेलं कलंडलं. तीन-चार दगड घरंगळून त्याच्या पायाशी आले. ती तशीच उभी राहिली, दोन्ही हात वर, मान ताठ, उरलेलं ओझं डोक्यावर तोलत. फोड्यानं वाकून एक दगड उचलला. तिच्याकडे बघितलं. ती समोरच्या चढाकडे बघत होती. तो दगड घमेल्यात ठेवावा की टाकून द्यावा, ते त्याला कळेना.

"ठेवा की," ती म्हणाली. "मला वर जायचंय."

त्यानं ठेवला. मग दुसरा. मग तिसरा.